बारमाही शाळा, मुक्काम ब्लँचर्डस्टाउन

माझ्या सासऱ्यांना त्यांचा सख्खा मुलगासुद्धा 'सर' म्हणतो. पहिली ते सातवी तो त्यांच्याच शाळेत होता. तिथे चुकून बाबा म्हटलं तर अंगठे धरून उभं राहावं लागायचं, आणि रोज घरी येऊन जीभ वळवायची कोणी, म्हणून घरीही सरच राहिलं. सासूबाई होत्या तोवर त्यासुद्धा "सरांना चहा दे गं" म्हणायच्या. लग्न होऊन मी त्या घरात गेले त्या दिवशी सरांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं आणि म्हणाले, "तू मॉनिटर." कशावरून ते देव जाणे. तेव्हापासून मी मॉनिटर. ह्या पदाला मान नाही, पगार नाही आणि रजा तर मुळीच नाही.

रजेचं मुद्दाम सांगितलं, कारण ह्या माणसाचं सुट्टीशी हाडवैर. पुण्याच्या कडेला, जिथे एके काळी शहर संपून दगडखाणी लागायच्या, तिथे त्यांची सरकारी शाळा होती. पुढे खाणी बुजल्या, बिल्डर आले, सोसायट्या उठल्या, त्या जागेला लोक उपनगर म्हणायला लागले. सोसायट्यांतली मुलं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळांत गेली. सरांच्या शाळेत आधी दगड फोडणाऱ्यांची मुलं यायची, मग विटा वाहणाऱ्यांची, मग फरशा बसवणाऱ्यांची. आणि ही शाळा बाराही महिने चालायची. मे महिन्यात, दिवाळीत, कधीकधी रविवारी सकाळीसुद्धा. वरून साहेब तपासायला आले तर सर म्हणायचे, "शाळा बंदच आहे. मी झाडाखाली बसलोय आणि मुलं माझ्याभोवती बसलीत. झाडाखाली बसायला बंदी आहे का?" निवृत्त झाल्यावरही ते रोज तिथे जात होते. आताच्या मुख्याध्यापिका बाई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या, त्या काय बोलणार!

अशा माणसाला माझ्या नवऱ्याने २०२०च्या फेब्रुवारीत आयर्लंडला आणलं. सासूबाई गेल्यापासून तो मागे लागला होता. सर तयार झाले ते तीन आठवड्यांसाठी, आणि वार्षिक परीक्षेच्या आत परत ह्या अटीवर. परतीचं तिकीट पासपोर्टासकट छातीच्या खिशात. आमचं घर ब्लँचर्डस्टाउनला. मी आणि नवरा दोघंही आयटीत, लेक तेव्हा नऊ वर्षांची. मार्चमध्ये इथल्या शाळा बंद झाल्या, मग तिकडच्या झाल्या, मग विमानं. कधी नव्हे ती सुट्टी घेतली आणि जग बंद पडलं, ह्याचा दोष सरांनी सरळ स्वतःच्या सुट्टीला दिला. "मी निघायला नको होतं," असं ते टीव्हीसमोर बसून म्हणायचे. म्हणजे सर पुण्यात असते तर त्या विषाणूची काय टाप होती!

तीन आठवड्यांची पावणेदोन वर्षं झाली. त्यातला एक दिवस मी धड साडेसहापर्यंत झोपले असेन तर शपथ.

कारण शाळा बंद हे सरांना मान्यच नव्हतं. बाईंनी पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. सर ब्लँचर्डस्टाउनमध्ये बसून फोनवर हजेरी घ्यायला लागले. शाळा भरायची साडेदहाला, तिकडच्या साडेदहाला. म्हणजे उन्हाळ्यात आमच्या सकाळी सहाला, आणि हिवाळ्यात इथली घड्याळं बदलली की पाचला. एकेका पालकाला फोन लावायचे, मुलाला बोलवायचे, हजर म्हणवून घ्यायचे, एक गणित घालायचे, की पुढचा. हे सगळं कुजबुजत केलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं. पण पुणं लांब आहे ना, मग आवाजही तेवढा लांब टाकायला नको का! इथल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे पुठ्ठा. सरांच्या खोलीत पाढे सुरू झाले की आमच्या खोलीत नवरा झोपेत "बे साते चौदा" म्हणायचा.

"सर, जरा हळू बोला ना," मी एकदा म्हटलं.

"अगं, तो तिकडे ऐकत नाही."

"त्याच्या फोनचा आवाज कमी असेल."

"फोनचा नाही, त्याचा कान तसाच आहे. त्याच्या बापाचाही तसाच होता."

एकदा सिंगापूरच्या क्लायंटसाठी माझी सकाळी सहाची मीटिंग लागली. आमचं सगळं वर्ष ज्याच्यावर अवलंबून होतं तो डेमो. मी किचनमध्ये लॅपटॉप मांडून, वर ब्लेझर, खाली पायजमा अशी बसले होते. मी माईक उघडला, गुड मॉर्निंग म्हटलं, आणि शेजारच्या खोलीतून आरोळी आली, "अंकुश! अंकुश कुठाय? कालही नव्हता! त्याच्या आईला फोन दे!" सिंगापूरवाले स्क्रीनकडे वाकले. माझ्या आयरिश मॅनेजरने स्वतःचाच माईक बंद केला. मी म्हटलं, सॉरी, टीव्ही चालू आहे. तेवढ्यात पुन्हा, "शेळ्या राखायला पाठवलंत? माझं नाव सांगा आणि आत्ताच्या आत्ता आणा त्याला!" डेमो कसा झाला ते विचारू नका. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या रोजच्या मीटिंगमध्ये मॅनेजरचा पहिला प्रश्न हा, की अंकुशचं काय झालं, सापडला का? मी दात-ओठ खात म्हणायचे, हो, ही इज ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत मजेत आहे.

शाळा भरायची तशी सुटायचीही. शाळा सुटताना घंटा हवी. एक दिवस मी डोशांचं पीठ वाटून ठेवलं आणि प्रेस उघडलं, इथे किचनच्या कपाटाला प्रेस म्हणतात, तर माझा बिडाचा तवा गायब. आईने सामानातून वजन सोसून आणून दिलेला तवा! बघते तर मागच्या बागेत कपडे वाळत घालायच्या खांबाला तो तारेने टांगलेला, आणि सर हातात खलबत्त्यातला बत्ता घेऊन घड्याळ बघत उभे. साडेचारला शाळा सुटते. तिकडचे साडेचार म्हणजे आमचे दुपारचे बरोबर बारा. त्यांनी जी काही ठणठण सुरू केली, की कुत्री भुंकायला लागली.

कुंपणापलीकडे एक आयरिश म्हातारी एकटी राहायची. मला वाटलं, आता ही तक्रार करणार. तर ती दारात आली, मान खाली घालून उभी राहिली, छातीवर क्रॉसची खूण केली आणि ओठ हलवत राहिली. इथे दुपारी बाराला चर्चमध्ये प्रार्थनेची घंटा होते. चर्च बंद होतं, आणि म्हातारीने समजूत करून घेतली की ह्या परक्या धर्माच्या भल्या गृहस्थाने आपल्यासाठी हे काम अंगावर घेतलंय. दुसऱ्या दिवशी दारात ॲपल टार्ट आलं. "युअर मॅन देवमाणूस आहे हो," ती मला म्हणाली. इथे कोणाही गृहस्थाला 'युअर मॅन' म्हणतात. मी काय सांगणार, की हा देवमाणूस पहिली ते सातवीचे वर्ग सोडतोय? सरांनी टार्ट खाल्लं आणि म्हणाले, "बघ. शिस्तीची लोकांना ओढ असते."

पुढे ऑक्टोबर संपला, घड्याळं मागे गेली, आणि घंटा अकराला व्हायला लागली. म्हातारी कुंपणाशी आली. "आज तासभर आधी?" मी सरांच्या हातापाया पडले, की बाराला वाजवा, कोणाला कळतंय! सर म्हणाले, "शाळा साडेचारला सुटते." शेवटी बिचारी म्हातारीच अकराला प्रार्थना करायला लागली. डोसे मी त्या वर्षी नॉनस्टिकवर केले, आणि ते सगळे फाटले.

माझ्या लेकीशी त्यांचं जमायचं, आणि जमायचंही नाही. ती मराठी समजते, पण उत्तरं आयरिश इंग्रजीत देते. सर तिला मराठीत पाढे विचारायचे, ती इंग्रजीत वाद घालायची. जूनअखेर तिचे ऑनलाइन वर्ग संपले आणि तिने जाहीर केलं, "आजोबा, समर हॉलिडेज! टू मन्थ्स!" सरांच्या हातातला कप बशीवर आपटला.

"दोन महिने? सलग?"

"हो सर," मी म्हटलं, "इथे जुलै-ऑगस्ट सुट्टीच असते सगळ्यांना."

"आणि कोणी काही म्हणत नाही?"

"काय म्हणणार? सगळे खूश असतात."

ते तसेच उठले, मास्क लावला आणि चालत तिच्या शाळेशी गेले. मी मागोमाग धावले, कारण हा माणूस काय करेल ह्याचा नेम नाही. फाटकाशी मुख्याध्यापिका गाडीत खोके ठेवत होत्या. सरांनी दोन हात लांब उभं राहून नमस्कार केला आणि आपल्या ठणठणीत इंग्रजीत विचारलं, "मॅडम, सुट्टीनंतर मुलं परत येतात का?" त्यांना प्रश्न कळेना. त्या म्हणाल्या, अर्थातच येतात. सर म्हणाले, "सगळी?" त्या हसल्या, म्हणाल्या, सगळीच येतात, नाही येऊन जातील कुठे? सरांचा काडीचा विश्वास बसला नाही. मला मात्र पृथ्वी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

सप्टेंबरला शाळा भरली त्या दिवशी सर लेकीबरोबर गेले आणि फाटकासमोरच्या फुटपाथवर उभे राहिले. दप्तरं, मास्क, आयांची गडबड. शेवटचं मूल आत जाऊन फाटक लागेपर्यंत ते हलले नाहीत. मग घरी आले. मी ऑफिसच्या कॉलवर होते तरी माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॉनिटर, सगळी आली गं!" मी त्यांना हातानेच थांबा म्हटलं. ते थांबले नाहीत. "एवढी सुट्टी देऊन सगळी परत आली!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी वैतागले होते, आणि हे काय चाललंय ते मला कळत नव्हतं.

ते कळलं शाळेचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा. हिवाळ्यात बाईंचा फोन आला. पट फार कमी झालाय, जूनपासून शाळा बंद करून मुलं हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत घालायचं वरती ठरतंय. टाळेबंदीत मजूर गावोगाव निघून गेले, त्यातले बरेच परतलेच नव्हते. सर त्या दिवशी जेवले नाहीत. मग म्हणाले, "त्यांना आपली शाळा काय आहे ते माहीत नाही. इतिहास लिहून पाठवू. मॉनिटर, टाइप कर."

म्हणजे दिवसभर ऑफिस, मग स्वयंपाक, आणि पोळ्या लाटता लाटता इतिहास! एका हाताला पीठ, एका हातात फोन. आणि हा इतिहास तरी कसा? मी विचारलं, शाळा स्थापन कोणी केली. म्हणे आठवत नाही, कोणीतरी पत्रे टाकून दिले. इमारतीचं उद्घाटन कोणाच्या हस्ते? "असेल कोणी आमदार. खूप बोलला." मग काय लिहू? तर सांगायला लागले: पहिल्या वर्षी जाई नावाची मुलगी होती, तिचं अक्षर सुंदर होतं. तिचा भाऊ उजव्या हाताने जेवायचा आणि डाव्या हाताने लिहायचा. तान्ह्या भावंडाला घेऊन येणारी एक होती, ते रडलं तर सर त्याला मांडीवर घेऊन फळ्यावर लिहायचे. अशी नावंच नावं.

"सर, साहेब लोकांना हे चालणार नाही. काहीतरी महत्त्वाचं सांगा. शाळा बारमाही का केलीत ते तरी सांगा."

त्यांनी चष्मा काढून पोळपाटाशेजारी ठेवला. मग सांगितलं. मुख्याध्यापक झाल्यावर पहिल्या वर्षी त्यांनी नियमाप्रमाणे मे महिन्याची सुट्टी दिली. मुलांना खाऊ वाटला, पुढच्या वर्षी भेटू म्हणाले, आणि सासूबाईंना घेऊन सासुरवाडीला गेले. जूनमध्ये येऊन बघतात तर निम्मा वर्ग रिकामा. कोणी खाणीवर लागला होता, कोणी हॉटेलात. जाईचं लग्न लावून दिलं होतं. "सहावीतली पोरगी, मॉनिटर. मी घरी जाऊन भांडलो. तिचा बाप म्हणाला, मास्तर, तुम्हीच तर सोडली होती तिला, सुट्टी म्हणून." त्यानंतर सरांनी कधी सुट्टी दिली नाही. त्या दिवशी माझी पोळी तव्यावर करपली.

माझ्या नवऱ्याला हे काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं, की मे महिन्यात सगळी पोरं मामाकडे जायची आणि हा झाडाखाली बसून पाढे म्हणायचा. सासूबाईंनी चार वेळा काशीयात्रा ठरवली आणि चारही वेळा रद्द केली. तो राग त्याच्या मनात होता, तो सरांना समोरासमोर कधी बोलला नाही, मला मात्र रोज बोलायचा. बापलेकांच्या मध्ये मी!

मग जे सुरू झालं त्याला मी 'निवडणूक' म्हणायचे. पट वाढवायचा. सरांनी जुने विद्यार्थी फोनवरून शोधून काढले. फरशीवाले, टेम्पोवाले, एक पाणीपुरीवाला. "तुझा पोरगा कुठे जातो? इंग्रजी शाळेत? फी भरतोस? येतं का त्याला काही? आण इकडे." अंकुश सापडला, त्याची धाकटी बहीणही मिळाली. एप्रिलमध्ये तिकडे दुसरी लाट आली, रोज वाईट बातम्या. सर फोनवर आधी "घरी सगळे आहेत ना?" विचारायचे आणि मग पटाचं. पण हळूहळू आकडा वर यायला लागला. मीही त्यात नकळत ओढले गेले. जेवताना आम्ही सगळे आकड्यावर बोलायचो. नवरासुद्धा एकदा म्हणाला, "आज किती झाले, सर?" सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की मी पटकन वरण वाढायला लागले.

जूनच्या सुरुवातीला बाईंचा फोन आला, "सर, पाया पडते. पट भरला! आता आपली शाळा कोणी बंद करत नाही." मी शिरा केला. सरांनी शेजारच्या म्हातारीलाही वाटी नेऊन दिली. नवऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या घरात असं कधी होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर म्हणाले, शेवटी परत आलेल्या मुलांची हजेरी मी स्वतः घेतो. बाई म्हणाल्या, कशाला सर, मी घेतली ना. पण ऐकतील तर ते सर कसले! बाईंनी वस्तीतल्या मुलांना एकत्र करून फोन स्पीकरवर ठेवला. सहाला मी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं.

"लक्ष्मी."

"हजर सर."

"रेणुका."

"हजर सर."

सर थांबले. "पुन्हा बोल."

"हजर सर," आवाज आणखी बारीक झाला.

"लक्ष्मी, हा तुझाच आवाज आहे. नाक चोंदलंय तुझं. रेणुका कुठाय?"

तिकडे खुसफुस झाली. मग लक्ष्मी म्हणाली, "सर, बाईंनी सांगितलं, दोनदा हजर म्हण."

बाई फोनवर आल्या आणि रडायला लागल्या. तीन मुलं कमी पडत होती. रेणुका, तिच्या शेजारचा एक मुलगा आणि आणखी एक, ही तिघं गेल्या वर्षी आईबापांबरोबर निघून गेली ती आली नव्हती. त्यांची नावं कमी करायची राहिली होती, ती बाईंनी तशीच ठेवली आणि परत आली म्हणून सांगितलं. वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. "तुमच्यासाठी केलं सर. तीनच नावं. कुठे नाही होत असं?"

"काढा," सर म्हणाले.

"सर, मग शाळा राहत नाही."

"कळलं मला. काढा."

एव्हाना नवरा दारात येऊन उभा राहिला होता. जन्मभर त्या शाळेच्या नावाने बोटं मोडणारा माणूस म्हणाला, "सर, राहू द्या ना. बाकीची मुलं तर खरी आहेत."

सरांनी नकारार्थी मान हलवली. आणि मग माझा तोल गेला. खरंच गेला. मी म्हटलं, "वा सर! माझी झोप गेली, डेमो गेला, तवा गेला. वर्षभर घर डोक्यावर घेतलंत ते ह्याच शाळेसाठी ना? आता ती वाचतेय तर तुम्हीच बुडवा! तीन नावांनी कोणाचं काय वाईट होतंय?"

सर उठले नाहीत, ओरडलेही नाहीत. वर्षभर तारस्वरात बोलणारा माणूस इतक्या हळू बोलला, की मला वाकून ऐकावं लागलं. "त्या तिघांचं होतंय गं. गैरहजर लावलं की कोणीतरी विचारतं, पोर कुठे गेलं? हजर लावलं की संपलं. मग त्याला शोधायला कोणी जात नाही." आणि म्हणाले, "जाईला त्या मे महिन्यात मी हजरच धरली होती."

नवरा तिथेच पलंगावर बसला. त्याला जाई कोण ते माहीत नव्हतं. मी सांगितलं. बापलेक बराच वेळ एकमेकांकडे न बघता शेजारी बसून राहिले, आणि मी गार झालेला चहा परत गरम करायला नेला. मला रडू येत होतं आणि रागही तेवढाच येत होता. खरं सांगते, इतका हेकट माणूस मी पाहिलेला नाही.

शाळा बंद झाली. मुलं हायवेपलीकडे जायला लागली. हायवे कोणाबरोबर ओलांडायचा, कोणी कोणाचा हात धरायचा, ते सरांनी फोनवरून नेमून दिलं. शाळेबद्दल मात्र परत चकार शब्द काढला नाही. ज्या दिवशी बाईंनी कुलूप लावलं त्या दिवशी ते मला म्हणाले, "मॉनिटर, नंबर लाव." त्या तिघांच्या घरच्यांचे जुने नंबर, त्यांच्या नातेवाइकांचे, मुकादमांचे, त्यांच्या गावच्या शिक्षकांचे. मी लावत गेले. दुसरं काय करणार? रेणुकाच्या शेजारचा मुलगा नगरकडे एका वीटभट्टीवर सापडला. तिथल्या जवळच्या शाळेच्या सरांना आमच्या सरांनी फोनवर असं काही झापलं, की ते स्वतः मोटरसायकलवर भट्टीवर गेले आणि त्याला शाळेत घातलं. तिसरा नांदेडकडे आजीजवळ होता, शाळेत जात होता, त्याला चौदाचा पाढासुद्धा येत होता. रेणुका सापडली नाही. तिच्या बापाचा फोन बंद. गावी कोणी नाही. मुकादम म्हणाला, कर्नाटकात गेली असतील, नाहीतर सुरतेकडे. सर रोज विचारायचे, मी रोज नंबर लावायचे.

पानगळीला विमानं नीट सुरू झाली तसे सर गेले. आता पुण्याहून दर रविवारी फोन येतो. लेकीला पाढे विचारून होतात, मुलाशी बोलून होतं, तोही हल्ली जरा जास्त वेळ बोलतो, आणि मग माझा नंबर लागतो. "मॉनिटर, रेणुकाचं काही कळलं का?" आता मी बसले ब्लँचर्डस्टाउनला, मला कुठून कळणार? मी चिडते, म्हणते, सर, तिकडे तुम्ही आहात की मी? ते म्हणतात, "असू दे. विचारलं."

त्यांना मी एक सांगितलेलं नाही, सांगितलं तर रोजचा अहवाल मागतील. सहाला मला अजून जाग येते, मेली ती सवय काही जात नाही. चहा ठेवते आणि रेणुकाच्या बापाचा नंबर लावते. फोन बंद आहे असं ती रेकॉर्डमधली बाई सांगते. मी ते शेवटपर्यंत ऐकून घेते, आणि मग ऑफिसच्या कामाला लागते. ती मुलगी दिसते कशी हेही मला माहीत नाही. पण रोज कोणीतरी तिची गैरहजेरी लावायला नको का?